बारदान्यासह तेवीस किलो

झुरिकमध्ये फुलकोबीच्या एका गड्ड्याला पाचशे रुपये पडतात, ही बातमी निवृत्तीनं रविवारी सकाळी घरात सांगितली तेव्हा पारूबाई कुरडया पेपरात गुंडाळत होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला काम उरलं नव्हतं, आणि लेक स्वित्झर्लंडला जाणार हे ठरल्यापासून हेच एक काम होऊन बसलं होतं. तिकडं राहणारी कुणी एक मराठी बाई मोबाईलवर आपला बाजारहाट दाखवायची. तिचे सगळे व्हिडिओ त्यानं दोनदोनदा पाहिले होते. नांदेडात फुलकोबी काय भावानं आहे असं विचारलं असतं, तर मात्र त्याला सांगता आलं नसतं.

"केस कापायला पाच हजार," तो म्हणाला. "बाईमाणसाला त्याहून जास्त. आन कचरा फेकायला सुदीक पैसे. सरकारी पिशवी इकत घ्यायची, तिच्यातच कचरा भरायचा. एक पिशवी दोनशेची."

"वहिनी, दोनशेच्या पिशवीत भरायला कचरा बी तसाच पायजे की," लिंबाजी म्हणाला.

लिंबाजी निवृत्तीचा धाकटा भाऊ. रेणापूरचं शेत विकलं त्या वर्षापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. एका खोलीत बसत, एका ताटातली भजी खात, आणि एकमेकांना सांगायचं ते पारूबाईला सांगत. ती पोचवायची. हल्ली तेही करायची गरज नव्हती, कारण समोरच्याला ऐकू येतच होतं.

लातूरच्या मोंढ्यात लिंबाजीनं उभा जन्म मापाडी म्हणून काढला होता. तूर, सोयाबीन, हरभरा, जे येईल ते तोललं. पुतणी परदेशी चालली आणि तिच्या बॅगा दुसऱ्या कुणी तोलाव्यात, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. सकाळच्या बसनं तो स्वतःचा हुकाचा काटा घेऊन आला होता. बैठकीच्या छताला पाळण्याची कडी होती, तिलाच त्यानं काटा अडकवला आणि खाली पाट टाकून बसला.

गुरुवारी हैदराबादहून विमान होतं. लेकीला, बुद्धप्रियाला, तिकडच्या विद्यापीठात दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं, सोयाबीनच्या रोगांवर. सुगतनं, म्हणजे जावयानं, तिच्यासोबत जायचं म्हणून पुण्यातली नोकरी सोडली होती. माणशी एक बॅग, तेवीस किलो. आणि त्यांची साडेतीन वर्षांची महामाया इथंच राहणार होती.

हे शेवटचं कुणी ठरवलं, ते आता कुणालाच नीट सांगता आलं नसतं. तिकडं पाळणाघराला महिन्याला अडीच लाखांच्या वर लागतात, हे निवृत्तीनं त्या बाईच्या व्हिडिओत पाहिलं. त्यानं ते सगळ्यांना फोनवर सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मग लेकराला कशाला न्यायचं. दुसऱ्या कुणी हूं म्हटलं. बुद्धप्रियानं काही दिवस काहीच म्हटलं नाही, आणि मग लेकराचा व्हिसा आला तरी तिकिटं दोनच काढली.

पारूबाईला त्या दिवशी झालेला आनंद तिनं स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं उरकला होता. लेक लग्न होऊन गेली, मुलगा आदर्श नोकरीला पुण्यात. चार खोल्यांच्या घरात दोन माणसं, त्यातलं एक मोबाईलमध्ये. दोघांपुरता भात टाकायला तिला अजून जमत नव्हतं, रोज उरायचा. आता दोन वर्षं घरात लेकरू असणार होतं. त्यामुळं तिकडचा प्रत्येक वाढीव भाव तिला गोड लागत होता. फुलकोबी पाचशे काय, सहाशे झाली तरी तिची हरकत नव्हती.

"दूध कसं हाय म्हनले तिकडं?" तिनं विचारलं. निवृत्ती दूध विसरला होता, आणि दूध विसरून चालणार नव्हतं.

"दोनशेला लिटर."

"बगा," पारूबाई विहीणबाईंकडं बघून म्हणाली. "लेकराला दूध पाजायचं का न्हाई पाजायचं मानसानं."

उज्वलाबाई सुगतच्या आई. हिमायतनगरकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाजात अजून लसीकरणाच्या रांगेचा दरारा. त्यांनी मान डोलावली. महागाईपुरतं दोघींचं एकमत होतं. लेकरू इथंच राहावं, इथपर्यंत तर त्या सख्ख्या बहिणी होत्या. इथं म्हणजे कुठं, हा प्रश्न मात्र आजच्या दिवसावर ठेवलेला होता.

"आमच्याकडं अंगण आहे," उज्वलाबाई म्हणाल्या. "पेरूचं झाड आहे. मोकळी हवा. इथं लेकराला बाहेर सोडायचं म्हटलं की दारातून ऑटो जाते."

"हवा हाय, पन दवाखाना कुठी हाय, विहीणबाई? रातीबेराती नांदेडलाच आनावं लागंल की."

"घरात नर्स असताना दवाखाना कशाला लागतो? तिच्या सगळ्या लसी मीच टोचल्यात."

"टोचल्या न. म्हून तर तुमाला बघून रडती."

हे खरं नव्हतं. महामाया कुणालाच बघून रडत नव्हती. ती खिडकीजवळच्या कॉटवर सुगतच्या मांडीवर बसून वरणभात खात होती. सुगत एकेक घास मळून तिच्या तोंडात देत होता आणि प्रत्येक घासाला एका प्राण्याचं नाव सांगत होता. उंटावर येऊन दोघं अडली होती, कारण उंट तिला खायचा नव्हता. मग सुगतनं उंट स्वतः खाल्ला आणि तिला ससा दिला.

पाच दिवस झाले, हे असंच चाललं होतं. सकाळी तिची अंघोळ तो घालायचा. वेणी तोच घालायचा, आणि भांग पारूबाईपेक्षा सरळ पडायचा. परवा पोरीला ताप भरला तेव्हा औषधाचं माप, ओली पट्टी, पोट चोळणं, सगळं त्यानं केलं, आणि सकाळी दाढीबिढी करून पुन्हा जावई होऊन बैठकीत बसला. घरात या सगळ्याला लाड म्हणत. जावयानं सासुरवाडीत पाण्याचा तांब्या उचलला तरी निवृत्ती "अवो, अवो" करत धावायचा. जावई म्हणजे बसवून खाऊ घालायचं माणूस. त्यामुळं त्याच्या हातून काही काम होत असेल, हे कुणाच्या हिशेबातच येत नव्हतं.

पारूबाईच्या मात्र आलं होतं, आल्या दिवशीच. मोरीच्या दाराशी टॉवेल धरून उभी असताना तिनं त्याला पोरीचे कान पुसताना पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. तिकडं त्याला नोकरी नाही. भाषा येत नाही. घरी बसणारच आहे, तर पाळणाघर हवं कुणाला? एवढं सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि तिनं टॉवेल त्याच्या हातात देऊन तोंड मिटून घेतलं. आपण मुद्दाम बोलत नाही आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला सुचलं तर सुचो. आपण होऊन सांगायचं नाही.

"सहा महिने हितं, सहा महिने हिमायतनगरला," लिंबाजीनं काट्याखालून निवाडा दिला. तो आतापर्यंत उज्वलाबाईंच्या बाजूनं होता, कारण त्यांनी आल्याआल्या त्याच्या काट्याचं कौतुक केलं होतं. पण मधल्या वेळात पारूबाईनं भज्यांचं दुसरं ताट त्याच्यापुढं ठेवलं होतं. "पयले सहा महिने हितं," त्यानं जोडून दिलं.

"हितंच का?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"रुळाया पायजे न लेकरू. आई चालली, बाप चालला, वरून गाव बी बदलायचं म्हनजे लई होतं."

उज्वलाबाईंचा हात गुडघ्यावर गेला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर ठरलेलं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण उन्हाळा माझ्याकडं."

"उन्हाळा तुमचा," पारूबाई म्हणाली. जिंकलेल्या माणसाला उन्हाळा सोडायला काही वाटत नाही. सहा महिन्यांचं पुढं बघू, असं तिच्या मनात होतं. सहा महिन्यांत लेकराला नांदेडची सवय लागली की कोण कुठं नेतंय.

बुद्धप्रिया हे सगळं ऐकत बॅगा भरत होती. ती एकदाही वर बघून काही बोलली नाही. पारूबाईला ते जाणवलं, पण जाणवू द्यायचं नाही असं ठरवलं की माणसाला जमतं.

दोन्ही बॅगांची तोंडं बंद झाली. लिंबाजीनं धोतराचा काचा मारला, पहिली बॅग हुकाला लावली, काटा थांबेपर्यंत डोळे बारीक केले आणि मोंढ्यातल्या सुरात म्हणाला, "तेवीस. घ्या उतरून." दुसरी लावली. "तेवीस. सरळ काटा."

सुगतला कुणी उठू दिलं नाही, म्हणून बुद्धप्रियाच बॅग उतरवायला गेली आणि तिचा हात खाली ओढला गेला. "काका, ही तेवीसच्या वर आहे."

"तेवीसच हाय."

"मला उचलत नाही."

"माल तेवीस हाय," लिंबाजी शांतपणे म्हणाला. "बॅग आधी रिकामी तोलली. साडेचार किलो. ती वजा केली. बारदाना वजा करून तेवीस."

बुद्धप्रिया पाटावर बसली. "काका, ते लोक बॅगेसकट तोलतात."

"असं कसं? गोणीसकट कुनी तोलतं का? माल येगळा, बारदाना येगळा. शेतकऱ्याला सुदीक कळतं ते."

"विमानवाले बारदाना वजा नाही करत."

लिंबाजीचा चेहरा पडला, पण चूक आपली आहे म्हणून नव्हे. एवढी मोठी विमानं उडवणारी माणसं इतक्या अडाण्यासारखं तोलत असतील, हे त्याला नवं होतं. "मंग ते लुटून राहिलेत लोकायला," तो म्हणाला.

आता खोलीत सगळ्यांनी निवृत्तीकडं पाहिलं. भावाची फजिती करायला याहून चांगला दिवस त्याला पुन्हा मिळाला नसता. निवृत्तीनं मोबाईल खाली ठेवला.

"बराबर हाय लिंबाजीचं," तो म्हणाला. "रिकाम्या डब्याचे पैसे कोन धरतं? लिंबाजी, तू एकदम बराबर तोललं."

"धरून राहिलेत न पर हे," लिंबाजी म्हणाला.

"धरू दे. नेम चुकीचा हाय त्यायचा."

रेणापूरचं शेत विकल्यानंतरचं हे दोघांचं पहिलं बोलणं. विमान कंपनीनं ते घडवून आणलं. पारूबाईला बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही, कारण मधलं काम संपलं होतं.

दोन बॅगांचं मिळून नऊ किलो जास्त झालं होतं. जादा वजनाचे पैसे भरावेत तर तेवढ्यात तिकडंच डाळ येईल, असं निवृत्तीनं हिशेब करून सांगितलं. म्हणजे नऊ किलो काढायचं. काय काढायचं, यावर खोलीत पुन्हा तट पडले.

"ज्वारीचं पीठ काढा," उज्वलाबाई म्हणाल्या. "पोळ्या खातील."

"पीठ मी लातूरहून आनलं," लिंबाजी म्हणाला. "दगडी वाणाची ज्वारी हाय. ते निगायचं न्हाई. चटनी काढा."

"शेंगदाण्याची चटणी मी केली आहे. कुरडया काढा. कुरडयानं पोट भरतं का कुणाचं?"

"कुरडयाचं वजन किती, विहीणबाई?" पारूबाई म्हणाली. "फुकून देल्या तर उडतीन. ती मशीन काढा. केस कापायची."

मशीन निवृत्तीनं आणली होती, पाच हजारांच्या कटिंगचा व्हिडिओ पाहिला त्याच संध्याकाळी. "मशीन राहूच द्या," तो म्हणाला. "मशीन चार खेपंत वसूल."

भाव चढत गेले. काळ्या मसाल्याच्या बाजूनं निवृत्ती, पिठाच्या बाजूनं लिंबाजी, आणि मशीनच्या विरोधात दोघी विहिणी पुन्हा एक. तुरीच्या डाळीला कुणी वाली नव्हता, पण ती काढा म्हटल्यावर चौघंही तिच्या मागं उभी राहिली. कुणी एक किलोही सोडायला तयार नव्हतं.

मग बुद्धप्रियानं दुसऱ्या बॅगेची चेन उघडली. पिठाच्या पिशव्या, डाळ, मसाल्याचा डबा, सगळं एकेक करून बाजूला ठेवलं आणि अगदी तळातून कापडात बांधलेलं एक गाठोडं काढलं. ते तिनं लिंबाजीपुढं सरकवलं.

"हे काढा," ती म्हणाली. "हे लागणार नाही."

लिंबाजीनं हातातल्या सवयीनं ते हुकाला अडकवलं. काटा थांबला, आणि गाठ सुटली. आतून एक लाल स्वेटर पडला, दोन लोकरी टोप्या, हातमोजे, आणि बर्फातले बूट. बूट लहान होते, पण महामायाच्या पायापेक्षा दोन नंबर मोठे. पुढच्या वर्षीही यावेत, असे घेतलेले.

"दोन किलो आठशे," लिंबाजी म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

बुद्धप्रिया बॅगेत पीठ परत लावत होती. तिचे हात नीट चालत होते, रडत वगैरे ती नव्हती. लेकरू येणार नाही हे ठरल्यावरही तिनं हे गाठोडं तळाशी भरलं होतं, आणि वरून सगळ्यांची पिठं, डाळी, चटण्या रचल्या होत्या, म्हणजे कुणाला दिसू नये. पारूबाईनं एक बूट उचलून पाहिला. तिला लेकीची कीव आली, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की तिला उठून आत जावंसं वाटलं. पाच दिवस आपण तोंड मिटून बसलो ते या पोरीच्या जिवावर, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं.

ती आत गेली नाही. तिनं बूट पाटावर ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "पाळनाघराला किती म्हनले तुमी?"

"अडीच लाखाच्या वर," निवृत्ती तत्परतेनं म्हणाला.

"आन सुगतरावला तिकडं काम लागलं तर हातात किती येतीन?"

"भाषा न्हाई येत, म्हून सुरवातीला कमीच. टॅक्स जाऊन, विमा जाऊन..." त्यानं छताकडं पाहिलं. "तेवढेच. अडीच-पावणेतीन."

"म्हनजे सुगतराव कामाला जातीन ते पाळनाघराचे पैसे भरायला. आन पाळनाघर कामून, तर सुगतराव कामाला जातेत म्हून."

निवृत्तीनं बोटांवर मोजून पाहिलं. "हाव," तो म्हणाला. आणखी थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "हाव की."

"मंग सुगतरावनं घरी बसावं. पोरगी सांभाळावी. तिला घेऊन जावं."

सुगतच्या हातातला घास तसाच राहिला. महामायानं तो स्वतः ओढून खाल्ला.

"जावयाला बोलायची ही पद्धत झाली का, ताई?" उज्वलाबाईंचा आवाज चढला नाही, थंड झाला. तो जास्त वाईट. "माझा मुलगा इंजिनियर आहे. रात्रपाळ्या करून शिकवला मी. परदेशात जाऊन लेकराचं ढुंगण धुवायला नाही."

"हितं कोन धुऊन राहिलंय, विहीणबाई? पाच दिवस झाले, बगा न तुमीच."

"इथलं वेगळं."

"तुमी रातपाळ्या करीत होत्या, तवा सुगतरावला कोन सांभाळीत होतं?"

पारूबाईनं हे भांडणात बोलतात तसं बोलून टाकलं. उत्तर काय येणार, हे तिला खरंच माहीत नव्हतं. उज्वलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"त्याच्या वडिलांनी," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण होतं? मी उपकेंद्रात, ते घरी. शेती काय, नावाला. भाकरी तेच टाकायचे, सुगतला शाळेत तेच सोडायचे. गाव हसायचं त्यांना. नर्सबाईचा नवरा म्हणायचे, नाव घेत नव्हते. मयतीला आलेली माणसं सुद्धा नर्सबाईचा नवरा गेला म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलंय." त्या पारूबाईकडं न बघता बोलत होत्या. "माझ्या पोराला तसं कुणी म्हणू नये, एवढंच होतं मला."

लिंबाजीनं काट्याखाली पडलेला स्वेटर उचलून घडी घातली.

"मी नव्हतो हसलो, मम्मी," सुगत म्हणाला. तो पाच दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलत होता. "मला बाबांनीच वेणी घालायला शिकवलं. शेजारच्या सुकन्याची घालायचे ते, तिची आई मजुरीला जायची म्हणून." मग तो पारूबाईकडं वळला. "मामी, मी बुद्धप्रियाला हेच म्हटलं होतं. घरी मी बसतो, म्हटलं. भाषा शिकतो, पोरीला बघतो. पैशाची ओढाताण होईल, पण होईल."

"मग?" निवृत्तीनं विचारलं.

"ती म्हणाली, मम्मींना सहन होणार नाही."

"आत्या, मला वाटलं, माझ्या नोकरीसाठी तुमच्या मुलाला घरी बसवलं म्हणाल," बुद्धप्रिया म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"म्हणाले असतेच," उज्वलाबाई म्हणाल्या. "मला काय दिसत नव्हतं का? दिसत होतं. म्हणून तर विषय काढला नाही."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. जावयाला, लेकीला, दोघी विहिणींना, ज्यानं त्यानं आपापल्या कारणानं दाबून ठेवलेलं. दोघे भाऊ तेवढे खरोखर अडीच लाखांवर विचार करत बसले होते.

"न्यायची तर न्या," उज्वलाबाई शेवटी म्हणाल्या. "पण लोकांना सांगताना, तो तिकडं भाषा शिकतोय एवढंच सांगायचं."

"भाषाच शिकणार आहे मी," सुगत म्हणाला.

बुद्धप्रिया उठली, पाटावरचा बूट आणि त्याचा जोडीदार उचलून छातीशी धरला, आणि तिथंच उभ्याउभ्या रडली. पारूबाईनं तिला रडू दिलं. आपल्याला आत्ता रडून चालणार नाही, हे तिला कळत होतं, कारण आपलं रडणं लेकीच्या रडण्यासारखं दिसलं तरी तसलं नव्हतं.

"पोरीला तिकीट काढलं तर बॅग मिळंल का?" लिंबाजीनं विचारलं.

"तिलापण एक. तेवीस किलो," बुद्धप्रिया नाक पुसत म्हणाली.

"बारदान्यासकट," लिंबाजी म्हणाला, आणि काहीच काढायची गरज उरली नाही. उलट नऊ-साडेनऊ किलोची जागा झाली. निवृत्तीनं तिकिटाचा दर बघून तोंड वाकडं केलं. लिंबाजी म्हणाला, अर्धे मी देतो, निवृत्ती म्हणाला, तू कामून देतो, आणि हे ठरवत दोघे एका स्कूटरवर बसून तिकीटवाल्याकडं गेले.

दुपारी घर शांत झालं. नव्या बॅगेत आणखी चटणी बसेल म्हणून दोघी विहिणी मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या.

"तुमच्या पदरात पडली होती की," उज्वलाबाई म्हणाल्या. "पहिले सहा महिने. मी हरले होते. कशाला बोललात?"

"ते बूट बघून बोलून गेलं तोंडातनं."

"दोन वर्षं होती हो."

"मला तर दोन वर्सं बी थोडीच वाटत होती," पारूबाई म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "मी तिला घरी ठिवून घ्यायचं म्हून गप बसले, विहीणबाई. आल्या दिवशीच मला कळलं होतं. पाच दिवस ती माझ्याजवळच राहनार असं धरून मी तिच्याकडं बघत होते. भात सुदीक तिघांचा टाकून राहिले होते, ह्यांचा, माझा आन तिचा. बाकी पाव्हन्यांचा येगळा."

उज्वलाबाईंनी सुपातल्या शेंगांचा अर्धा ढीग आपल्याकडं ओढून घेतला. "मी आज संध्याकाळच्या बसनं जाणार होते," त्या म्हणाल्या. "आता गुरुवारपर्यंत थांबते. चालेल ना?"

"थांबा की. चार दिवस तर हायत."

"आज झोपू दे तिला तुमच्यापाशी. तुमचं घर आहे."

"आज तुमच्यापाशी. तुमी लांबून आलात. उद्या माझ्यापाशी."

"मग परवा तुमच्याकडं."

"परवा तुमच्याकडं. बुधवारी दोघीच्या मधी."

तेवढ्यात आतून, मोरीच्या बाजूनं, महामायाचा आवाज आला. "झालं," ती ओरडली.

दोघी एकदम उठल्या. उज्वलाबाईंचा गुडघा दुखावला, पारूबाईच्या मांडीवरच्या शेंगा ओट्यावर सांडल्या. दारापर्यंत दोघी पोचल्याही होत्या.

"बाबा, झालं," महामाया पुन्हा ओरडली.

"आलो गं," सुगत म्हणाला. बैठकीतून त्याच्या चपला वाजल्या, मोरीत बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला, आणि मग दोघं तिथं कुठल्या तरी प्राण्यावरून बोलू लागली.

दोघी दारातून मागं फिरल्या. सांडलेल्या शेंगा गोळा केल्या, आणि पुन्हा फोडायला बसल्या.